जिथे उतार संपतो

चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरच्या वसाहतीत दुपारचे दोन वाजले होते आणि नियंत्रणकक्षात सगळे पडद्याकडे बघत होते. भूवैज्ञानिक (जमिनीचा आणि खडकांचा अभ्यास करणाऱ्या) नसीमाताई मुकादम सकाळी नमुने आणायला गेल्या होत्या. त्या अजून परतल्या नव्हत्या. त्यांच्या पोशाखात आता दोनच तास पुरेल एवढा प्राणवायू उरला होता.

तेवढ्यात पडद्यावर त्यांचा संदेश उमटला. पण तो सगळा विस्कटलेला होता. वाटेत रेडिओलहरींचं परावर्तन झालं होतं (त्या कड्यांवर आपटून भलतीकडून फिरून आल्या होत्या). त्यामुळे आधीचे तुकडे मागून आले होते आणि मागचे आधी.

‘तिथे मी थांबले आहे.’ ‘की गाडी बंद पडली आहे.’ ‘जो पांढरा कडा दिसतो.’ ‘त्याच्याकडे येऊ नका.’ ‘जिथे उतार संपतो.’ ‘मी कळवते.’

हरकाम्या नावाच्या यंत्रमानवाने क्षणात तुकडे जुळवले. “मी कळवते, की गाडी बंद पडली आहे. जो पांढरा कडा दिसतो, तिथे मी थांबले आहे. जिथे उतार संपतो, त्याच्याकडे येऊ नका. सुटकेची गाडी कड्याकडे पाठवतो.”

गाडी एकच होती आणि तिची बॅटरी एकाच फेरीपुरती होती.

“थांब!” अकरा वर्षांची ऊर्मी ओरडली. तिचे आजोबा, डॉ. दिगंबर आगाशे, वसाहतीचं संदेशवहन सांभाळत. म्हणून ती तिथे बसली होती. “आबा, निरोपातलं शेवटचं वाक्य लंगडं आहे. ‘त्याच्याकडे’ म्हणजे कुणाकडे? उतार संपतो ती तर जागा झाली. जागेला आपण ‘तिथे’ म्हणतो ना?”

आबांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. “अगदी बरोबर बोट ठेवलंस. आता सांग, यातला कोणता तुकडा एकटा उभा राहतो?”

“‘त्याच्याकडे येऊ नका’ राहतो. ‘मी थांबले आहे’ पण राहतो. पण ‘जिथे उतार संपतो’ म्हटलं की वाटतं, बरं, मग पुढे काय?”

“जे एकटं उभं राहतं ते प्रधानवाक्य, म्हणजे मुख्य. जे त्याच्या आधाराने उभं राहतं ते गौणवाक्य. आता गौणवाक्यांना विचार, तुम्ही कुणाचं काम करता?”

ऊर्मी भराभर विचार करू लागली. “‘मी कळवते.’ काय कळवते? गाडी बंद पडली आहे हे. म्हणजे ते अख्खं वाक्य एका नामासारखं वागतंय!”

“म्हणून ते नामवाक्य.”

“‘जो पांढरा कडा दिसतो.’ कोणता कडा? तो दिसतोय तो. हे कड्याबद्दल सांगतं, विशेषणासारखं. आणि ‘जिथे उतार संपतो’ हे, ताई कुठे थांबल्या ते सांगतं.”

“पहिलं विशेषणवाक्य, दुसरं क्रियाविशेषणवाक्य. क्रिया कुठे, कधी, कशी घडली ते हेच सांगतं. आता जोड्या लाव.”

“जो, त्याच्याकडे. जिथे, तिथे.” ऊर्मी उठून उभी राहिली. “आबा, त्या कड्यापाशी नाहीतच! ‘जो पांढरा कडा दिसतो, त्याच्याकडे येऊ नका. जिथे उतार संपतो, तिथे मी थांबले आहे.’”

“पण माझं कड्याचं वाक्य ऐकायला ठीक होतं,” हरकाम्या म्हणाला.

“ठीकच होतं,” आबा म्हणाले. “पण त्यामुळे उरलेल्या दोन तुकड्यांची जोडी जमेना. ऊर्मीची जुळणी सगळ्यांना पुरते. उताराकडे पाठव गाडी!”

गाडी निघाली. ऊर्मी पडद्याजवळ जाऊन बसली. आपण चुकलो असू तर? चाळीस मिनिटं गेली. मग गाडीच्या कॅमेऱ्यात, उताराच्या पायथ्याशी, एक हात वर झालेला दिसला.

नसीमाताई आत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा धुळीने माखला होता. “कडा भुसभुशीत झालाय,” त्या म्हणाल्या. “त्याच्या कडेनेच माझी गाडी घसरली. तुमचीही खाली गेली असती. कुणी जुळवला माझा निरोप?”

आबांनी ऊर्मीकडे बोट दाखवलं. ताईंनी तिला जवळ ओढलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

“जुळवण्याजोगा तुम्हीच पाठवला होता,” आबा म्हणाले. “प्राण कंठाशी आले असतानाही एक ‘जो’ की एक ‘जिथे’ जागचा हलला नाही तुमचा.”

“मी कुठे विचार केला, डॉक्टर? सुचलं तसं लिहिलं.”

हरकाम्याचे डोळे लुकलुकले. “विचार न करता? माणसं हे शिकतात तरी कधी?”

“शाळेत जायच्याही आधी,” आबा म्हणाले. “घरातल्यांचं ऐकून ऐकून. नावं तेवढी मागाहून कळतात.”

हरकाम्याने ऊर्मीकडे पाहिलं. त्याच्या स्मरणात लक्षावधी वाक्यं होती, आणि एवढीशी मुलगी नुसत्या कानाने त्याच्यापुढे गेली होती. “मला शिकवाल?” त्याने ऊर्मीला विचारलं.

“शिकवीन की! पण मला एकच भाषा नीट येते.” ऊर्मी नसीमाताईंकडे वळली. “ताई, तुम्ही घरी कोकणी बोलता ना? त्यात ‘जिथे-तिथे’ कसं म्हणतात?”

वसाहतीत सतरा भाषा बोलणारी माणसं राहत होती. ताईंनी पाण्याचा एक मोठा घोट घेतला, हसल्या आणि पहिलं वाक्य सांगायला लागल्या. ऊर्मीने पेन्सिल उचलली.