गप्प घरातली टोपी

इराला एक कोडं काही केल्या सुटत नव्हतं. तिच्या वृंदाआत्याला "पाणी" हा साधा शब्द म्हणता येत नव्हता. पण संध्याकाळी माईंनी, म्हणजे इराच्या आजीने, निरांजन ओवाळायला घेतलं, की तीच आत्या सगळी आरती एकही शब्द न चुकता म्हणायची. आणि आरती संपली, की पुन्हा तांब्याकडे बोट दाखवत "ते... ते..." करायची.

दोन महिन्यांपूर्वी आत्याच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी अडली होती. हातपाय सुधारले, शब्द मात्र गेले. डॉक्टरांनी सांगितलं, हा वाचाघात (मेंदूला इजा झाल्यामुळे बोलता न येणं). इस्पितळाने घरी एक टोपी दिली. ती घातली, की डोक्याच्या डाव्या बाजूला अगदी हलकी वीज मिळायची. रोज सकाळी वीस मिनिटं.

दहा दिवस झाले तरी फरक नव्हता. आणि तीन आठवड्यांवर इराच्या तान्ह्या बहिणीचं बारसं आलं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा.

"शकूला बोलावून ठेवू का? तीही चुलत आत्याच की," बाबा हळूच म्हणाले. वृंदाआत्याने ते ऐकलं. मांडीवरचं बाळ तिने इराकडे दिलं आणि ती आत निघून गेली.

गुरुवारी इस्पितळाची यंत्रमानव मैना चौकशीला आली.

"टोपी रोज लावता ना?"

"एक दिवस चुकला नाही," माई म्हणाल्या. "अंघोळ झाली की देवापुढे पाट मांडून तिला बसवते. वीस मिनिटं घरात कुणी ब्र काढत नाही. जपासारखं पाळलंय. मीसुद्धा मौन धरते."

"मिक्सरही बंद," इरा म्हणाली.

मैना माईंकडे वळली. "माई, नेम तुमचा पक्का आहे. पण त्या वीस मिनिटांत आत्यांनीही बोलायचं नाही?"

"औषध आपलं काम करतंय, मध्ये आपण कशाला तोंड घालायचं?"

"ही वीज शब्द देत नाही, माई. ती चेतापेशींना (मेंदूत निरोप पोहोचवणाऱ्या पेशींना) फक्त जराशी तयार करते. त्याच वेळी ज्या पेशी कामाला लागतात, त्यांचे एकमेकींशी असलेले दुवे घट्ट होऊ शकतात. तेव्हा गप्प बसलं तर..."

"कणीक मळून ठेवली आणि पोळी लाटलीच नाही," माई हळूच म्हणाल्या.

"मग आरती कशी येते तिला?" इराने विचारलं.

"पाठ असलेलं बोलणं बरंचसं वेगळ्या वाटेने येतं. उजवा मेंदूही त्यात मदत करतो. 'पाणी' मात्र दर वेळी शोधून काढावं लागतं, आणि शोधायची जागा डावीकडे दुखावली आहे. तिच्या शेजारच्या पेशींना ते काम शिकवायचंय. प्रत्येकाला सारखा गुण येत नाही. पण बारशाला अजून वीस दिवस आहेत."

माईंनी आपलं मौन संध्याकाळवर ढकललं. दुसऱ्या सकाळपासून टोपी चालू झाली, की इरा समोर एकेक वस्तू धरायची आणि सरावाचा प्रत्येक शब्द वहीत लिहायची. पहिल्या दिवशी आत्या पोळपाटाला मांजर म्हणाली.

"मग पोळ्या मांजरावर लाटू का गं?" माईंनी विचारलं. सगळ्यांत जास्त आत्याच हसली. चौथ्या दिवशी "वाटी" आली. नवव्या दिवशी "पाणी". मग रोज शेवटची पाच मिनिटं बाळाच्या नावाची. कधी "रे..." वर अडायचं, कधी भलतंच यायचं. शकूआत्याला कुणी फोन केला नाही.

बारशाला मैनाही आली होती. आत्या पाळण्यावर वाकली. "कुर्र" केलं आणि थांबली. बायका थांबल्या.

"रेवती," आत्या म्हणाली. सगळ्यांना ऐकू गेलं.

प्रथेप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घातले. माईंचा जरा जोरातच बसला.

"हळू गं माई, लागतं," आत्या म्हणाली.

इराने झटकन वही उघडली. "मैना, हे शब्द आपण घेतलेच नव्हते."

"नव्हते. हे त्यांचे त्यांनी शोधले." मैना आत्याकडे वळली. "इस्पितळात अशीच टोपी घालून सतरा जण बसतात. बरेचसे गप्पच. गुरुवारी त्यांच्याशी बोलायला याल?"

आत्याने डोळे मिटले. शब्द सापडायला थोडा वेळ लागला, पण कुणी तिला सुचवला नाही.

"येईन," ती म्हणाली.