डबल बेल

सगळ्या निफाडात माझ्याइतका धीट माणूस मिळणार नाही. तरणा असताना अमावास्येला मसणवटीत बसून अख्खी विडी ओढून आलोय. आता मसणवटी दुकानाच्या मागंच होती, आणि विडी संपेस्तोवर बायको यशोदा कंदील धरून शेजारी उभी होती, ते सोडा.

दुकान बॅटऱ्यांचं. शाळा चौथीतच सुटली, पण टिंगल करायला शाळा लागत नाही. ॲसिडनं चाळण झालेली विजार घालून मी निम्म्या तालुक्याची टिंगल केली. सगळ्यात जास्त गोरक्षची.

गोरक्ष एस.टी.चा ड्रायव्हर, घरची थोडी द्राक्षबाग. रिटायर झाल्यावर त्यानं एक जुनी डिझेल मेटाडोर घेतली. आत खाट, पंखा, शेगडी बसवली. बायकोला, नवसाबाईला, समुद्र दाखवायचा होता. खाटेजवळ एक बटण आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर बेल. कायदा एस.टी.चाच. एकदा वाजली की थांबायचं, कुणी उतरणार असेल नाहीतर चढणार असेल. दोनदा वाजली की निघायचं.

गाडी शेडातच उभी, अन् वहिनी आत बसून डबल बेल द्यायच्या. कधी मीच चोरून बटण दाबायचो अन् वर 'मी नाय' म्हणायचो.

"ओ ड्रायव्हर, निघायचं का?"

"एवढी द्राक्षं होऊ दे," गोरक्ष म्हणायचा.

"भाऊजी, तुम्ही बी चला. ह्यांच्यासंगं माझं तोंड शिवलं जाईल."

"येतो की वहिनी. खिडकीची सीट धरून ठेवा."

द्राक्षं झाली. मग बेदाणा आला, मग छाटणी, मग पुन्हा द्राक्षं. एका थंडीत वहिनीच गेल्या.

गाडी शेडातच राहिली. उभ्या गाडीची बॅटरी आपोआप उतरते. घड्याळ असो, बेल असो, काहीतरी तिला थोडं थोडं चाटत असतंच. म्हणून मी तारा सोडून बॅटरी खाली काढायचो, फळीवर ठेवायचो. अधनंमधनं पाणी बघायचं, चार्जिंग करायचं. कशाला, ते गोरक्षला विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

मग एक दिवस म्हणाला, "सकाळी सायखेड्याचं गिऱ्हाईक येतंय. विकतो. बॅटरी चढव."

मी दिवेलागणीला चार्ज केलेली बॅटरी घेऊन गेलो, दाराशी फळीवर टेकवली. गोरक्ष ड्रायव्हरच्या सीटवर बसून होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी शेजारी जाऊन बसलो. शेडात बेदाण्याला धुरी देतात त्या गंधकाचा वास नेहमीचा. त्यात त्या दिवशी खोबरेल तेलाचा वास मिसळला होता... ताजा, नुकतीच कुणी वेणी घातल्यासारखा.

डोक्यावर बेल वाजली. दोनदा.

"चिम्या," गोरक्ष हळूच म्हणाला, "आज तरी नको रे."

"मी नाय..."

"नेहमी असंच म्हणतोस."

मी दोन्ही हात वर करून दाखवले. बॅटरी बाहेर फळीवर दिसत होती. सुटलेल्या तारा नुसत्या लोंबत होत्या. "देवाशपथ, गोरक्ष... करंटच नाय गाडीत."

माझ्या शपथेला गावात काय किंमत, ते मला त्या दिवशी कळलं. गोरक्षनं तिकडं बघितलंसुद्धा नाही.

मग पुन्हा वाजली. एकदाच.

गोरक्षनं मागं वळून बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. डोळे भरलेले, पण ओठांवर हसू. "सिंगल झाली. उतर."

"गोरक्ष..."

"उतर म्हणतो ना. तुझा स्टॉप आला."

मी उतरलो. भीतीनं काही सुचेना, ती बॅटरीच उचलली आणि पळत सुटलो. एवढं वजन छातीशी धरून पळणारा माणूस निफाडानं पहिल्यांदाच बघितला असेल.

सकाळी शेड रिकामं. डिझेल इंजिन बॅटरीशिवाय चालतं, पण चालू व्हायला मागून धक्का लागतो. जमीन सपाट. धुळीत पुढच्या दारापाशी गोरक्षच्या चपला उमटलेल्या. मागं कुणाच्याच पायाची खूण नव्हती.

मी उतरायला नको होतं. खिडकीची सीट मीच मागितली होती ना? सगळ्या जन्मात तेवढी एक गोष्ट मी चेष्टेनं बोललो नव्हतो, आणि तेव्हा तीच मलाही चेष्टा वाटली.

गोरक्षचा मोबाईल लागेना. बॅटरीचं पाणी मात्र मी बघत राहिलो. द्राक्षं निघून गेल्यावर एका दुपारी दुकानातला फोन वाजला. मागं इंजिनाची घरघर.

"समुद्र दाखवला रे तिला," गोरक्ष म्हणाला. "लय उशीर केला मी."

"आता कुठं हायस?"

"सायखेडा मागं पडलं. निफाडाकडंच येतोय."

"गोरक्ष, बॅटरी माझ्याकडं हाय... तुला धक्का कुणी दिला?"

घरघरीतून बेल ऐकू आली. एकदाच.

"सिंगल दिलीय तिनं," गोरक्ष म्हणाला. "खिडकीची सीट धरलीय म्हणते. कुठं उभा हायस तू?"