झेपेल

दुपारी चार वाजता वर्षा चुरी आणि तिचा कामातला जोडीदार सुनिल डहाणूला सावे यांच्या घरी पोचले. खासगी तपास हे वर्षाचं काम. वैमानिक असलेल्या अनिकेत सावेने दारातच कागद पुढे केला.

“पाचला मुदत संपते, ताई. मग मी अडकलोच.”

वैमानिकांच्या परवान्याला सगळ्यांसाठी एकच नियम, असा मसुदा निघाला होता. तो लागू झाला की परदेशात शिकलेल्या अनिकेतला पुन्हा शिकावं लागणार. सरकारने त्यावर टपालाने किंवा मेलने हरकती मागवल्या होत्या.

“चार तारखेला दोन पानं लिहिली. पाकीट संध्याकाळभर टेबलावर उघडं होतं. सकाळी चिकटवून टपालात टाकलं. आज सरकारकडून त्याची प्रत आली.”

सही दुसऱ्या पानावर, खरी. पहिलं पान मात्र बदललेलं. ‘खर्च झेपेल. हरकत नाही. दि. ४, वेळ १९/१०.’

“त्या संध्याकाळी घरात कोण होतं?” वर्षाने विचारलं.

“बाबा, माझी बहीण पूर्वी आणि फ्लाइंग स्कूलचा एजंट मनिष.”

“झालं की,” सुनिल म्हणाला. “शिकवणीचे पैसे कोणाला मिळणार?”

मनिष फोनवर हसला. “मी चहा पिऊन निघालो. अनिकेतसाहेब असले तापलेले, त्यांच्या कागदाला कोण हात लावेल?”

बहीण पूर्वीने टाइप केलेली मूळ फाईल दाखवली. तिच्यावर वेळ होती ‘६.३०’.

वडील वासुदेव चिकू सोलत होते. रेल्वेच्या आरक्षण खिडकीवरून निवृत्त झालेले. “मला कॉम्प्युटरमधलं काय कळतंय?”

त्यांच्यामागे भिंतीवर चिठ्ठी होती. ‘पंप चालू ०६/१५.’

“ही कोणी लिहिली?”

“मीच. मुलं विसरतात.”

वर्षा अनिकेतकडे वळली. “तुमच्या लॉगबुकात वेळ कशी लिहिता?”

“चार आकडे. मध्ये काही नाही.”

“पूर्वी टिंब देते. तिरकी रेघ रेल्वेवाले देतात. आरक्षणाच्या खिडकीवर कॉम्प्युटरच असतो, काका. आणि मनिषने ‘मान्य’ लिहिलं असतं. ‘झेपेल’ असं ज्याला ओझं उचलायचं आहे तोच म्हणतो.”

वासुदेवांनी सुरी खाली ठेवली.

“पण का?” सुनिलने विचारलं.

वर्षाने मूळ फाईलमधली एक ओळ वाचली. “‘घोलवडची अर्धी चिकूवाडी विकून वडिलांनी मला शिकवलं. दुसऱ्यांदा त्यांना झेपणार नाही.’”

“सरकारी फायलीत हे जायचं?” वासुदेव म्हणाले. “उरलेली विकली असती मी. कोणाला कळलं नसतं.”

“मला कळलं असतं, बाबा,” अनिकेत म्हणाला. “ती ओळ काढू?”

घड्याळात पाचला वीस कमी होते. पूर्वीने पान छापून आणलं. वासुदेवांनी पेन मागितलं. ओळ तशीच ठेवून तिच्याखाली लिहिलं: ‘हे खरे आहे. वासुदेव सावे, १६/४२.’

“आता स्कॅन करून मेल कर,” ते म्हणाले.