एक थाप म्हणजे थांब

आधीच सांगते, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. माझ्या सख्ख्या मावशीची आहे. तिच्या उजव्या तळहातावर अकरा टाक्यांचा व्रण आहे आणि काका अजूनही कुबडी घेऊन चालतात. ज्यांना विश्वास ठेवायचा नाही त्यांनी इथूनच परत फिरा. पुढे वाचून मला शहाणपण शिकवायला येऊ नका.

आणि हो, रात्र-बित्र अजिबात नव्हती. स्मशान नव्हतं, रडणारी कुत्रीही नव्हती.

मंगळवार होता. भर दुपारचे सव्वादोन. जागा म्हणजे बुटांच्या एका कंपनीच्या गोदामामागचं अंगण. ऊन असं, की सावलीसुद्धा पायाशी अंग चोरून बसलेली.

तर, मावशी बूट चालवायची.

हसू नका! खरंच बूट चालवायची. आत साधा टेम्पोच होता, पण त्याच्यावर फायबरचा लालभडक बूट बसवलेला. चोवीस फूट लांब, मनगटाएवढ्या जाड दोरखंडाच्या पांढऱ्या नाड्या आणि मागे दोन माणसं उभी राहतील एवढी टाच. गावोगाव फिरायचं आणि कंपनीची जाहिरात करायची. मावशी नाड्यांच्या मागे बसून जाळीतून रस्ता बघायची. काका स्पीकरवर गाणं लावायचे, कूपनं वाटायचे, पोरांना टाचेपाशी उभं करून फोटो काढू द्यायचे.

मावशीने त्याचं नाव ठेवलं होतं बुटोबा.

"सगळेच नवरे बायकोच्या जोड्याखाली असतात," काका जमलेल्या गर्दीला सांगायचे, "माझा जोडा फक्त चोवीस फुटी आहे!"

"अहो, पुरे आता," मावशी आतून ओरडायची, "कूपनं वाटा, अक्कल नको!"

मावशीला कशाचीच भीती वाटायची नाही. घाट, पाऊस, ट्रकवाल्यांची शेरेबाजी, सगळं तिने पचवलेलं. भीती एकाच गोष्टीची. गाडी मागे घेण्याची.

कारण बुटातून मागचं काहीच दिसत नाही. आरशात बघितलं तर नुसता लाल फुगवटा. त्यामुळे काका उतरून टाचेमागे उभे राहायचे आणि फायबरवर थापा मारायचे. बसच्या घंटीसारखंच. दोन थापा म्हणजे 'येऊ दे'. एक थाप म्हणजे 'थांब'. ओरडून उपयोग नसायचा, इंजिनाच्या आवाजात माणसाचा आवाज आत पोचायचाच नाही.

"मागे माझा माणूस उभा असतो," मावशी मला एकदा म्हणाली होती, "आणि मला तो दिसत नाही. प्रत्येक वेळी जीव मुठीत धरून गाडी मागे घेते गं मी."

"माझ्या थापांवर विश्वास ठेव," काका डोळा मिचकावून म्हणायचे, "लग्नाआधीही ठेवलाच होतास की!"

पहिले आठ दिवस मजेत गेले.

नवव्या दिवशी सकाळी ते मोठ्या रस्त्याने चालले होते. काका शेजारच्या सीटवर बसून संत्रं सोलत होते. मागे कोणी नव्हतं. टाचेत फक्त कूपनांची खोकी.

आणि मागून आवाज आला...

धप्प.

एकच.

मावशीचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. सवयच ती! मागचा ट्रक इंचभर अंतरावरून शिव्या देत निघून गेला. काकांचं कपाळ समोरच्या काचेवर आपटलं. भुवई फाटली.

"अगं, काय झालं?"

"थाप आली..."

"मी इथे बसलोय ना! मग मारली कोणी?"

काकांनी रुमाल भुवईवर दाबला आणि दोघं उतरून मागे गेली. टाचेचं दार उघडलं. खोकी होती तशीच.

ऑफिसात फोन केला, तर साहेब म्हणाले, "फायबर आहे ते. तापलं की वाजतं."

पटलं. पटवून घेतलं म्हणू या.

पण मग ते रोजच वाजायला लागलं. उन्हात वाजायचं, सावलीत वाजायचं. तापायच्या आत, सकाळी सहालाही वाजायचं. नेहमी एकच. धप्प. आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जोरात.

बाराव्या दिवशी थाप आली ती थेट मावशीच्या पाठीमागे. इतकी जोरात, की सीटमागचा पत्रा आतून फुगला आणि तिच्या कण्यावर आदळला. जीभ दाताखाली आली. तोंडभर रक्त. तिने गाडी कशीबशी कडेला घेतली आणि रस्त्यावर थुंकली. लाल.

काकांनी पत्र्यावरून हात फिरवला.

पोचा होता. पण आपटल्यावर पडतो तसा आत गेलेला नाही. बाहेर आलेला. जणू पलीकडून कोणीतरी हाणलं होतं.

"अहो, परत जाऊ या. मला नाही बरं वाटत हे."

"चार दिवस राहिलेत गं. मंगळवारी गोदामात लावायचा हा बूट आणि सुटायचं. आता शेपटासाठी हत्ती अडकवायचा का?"

मग काकांनी ती आयडिया काढली. अजूनही झोपेत ते स्वतःलाच शिव्या देतात तिच्यासाठी.

"हे बघ. ही भानगड नेहमी एकदाच वाजते, बरोबर? म्हणून तू दचकतेस. आता आपण खूणच बदलू. दोन थापा म्हणजे 'येऊ दे', ते तसंच. पण 'थांब' म्हणजे तीन. एक थाप आली, तर ती मी नाही. सरळ दुर्लक्ष करायचं."

सोपं होतं. मावशीने तीनदा घोकलं. एक म्हणजे कोणी नाही. दोन, ये. तीन, थांब.

त्या दिवसापासून एक थाप आली की ती ओठ घट्ट मिटून गाडी चालवत राहायची.

धप्प... चालव.

धप्प... चालव.

मग एकदा डावीकडचा आरसा चालत्या गाडीत फुटला. कशालाही न लागता. काचेचा तुकडा काकांच्या गालात रुतला. तरी मावशीने गाडी थांबवली नाही. सवय झाली होती ना!

आणि मंगळवार उजाडला.

गोदामाच्या अंगणाला मागच्या भिंतीकडे उतार होता. भिंतीला लागून माल चढवायचा सिमेंटचा कट्टा. बूट त्या कट्ट्याला टाच लावून उभा करायचा होता. एरवी काका बाजूला उभे राहायचे, पण इथे दोन्हीकडे लाकडी फळ्यांच्या थप्प्या. म्हणून ते मधोमध उभे राहिले. टाच आणि कट्टा यांच्या मध्ये.

मावशीने गाणं बंद केलं. काच खाली केली. रिव्हर्स टाकला.

धप्प धप्प. येऊ दे.

ती हळूहळू मागे आली.

धप्प धप्प. येऊ दे.

अजून थोडी.

मग...

धप्प.

एक.

मावशीने ओठ मिटले. एक म्हणजे कोणी नाही.

धप्प.

दोन. म्हणजे ये.

ती मागे येत राहिली.

मागे काय झालं होतं ते ऐका. काकांचा पाय गटाराच्या जाळीत अडकला होता. घोट्यापर्यंत. ते ओढत होते, ओरडत होते आणि उजव्या हाताने टाचेवर थापा मारत होते. एक मारली. दुसरी मारली. तिसरीसाठी हात उचलला, आणि तोच हात टाच आणि कट्ट्याच्या मध्ये सापडला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला.

तिसरी थाप ते मारूच शकले नाहीत.

आणि तरीही...

धप्प!!

तिसरी आली.

टाचेवरून नाही. मावशीच्या मानेमागून. आतून. तिचं डोकं पुढे फेकलं गेलं आणि नाक स्टिअरिंगवर फुटलं. पाय ब्रेकवर पडला. इंजिन गचका देऊन बंद.

मग तिला किंकाळी ऐकू आली.

तिने हँडब्रेक ओढला आणि मागे धावली. काका कट्ट्याला चिकटलेले. मांडीवर टाचेचा सगळा भार. चेहरा राखेसारखा. खालच्या जाळीतून रक्त थेंब थेंब गटारात पडत होतं, आणि त्याचा आवाज येत होता... टप... टप...

मावशी परत केबिनकडे पळाली. चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. काही नाही. आणि गाडी हँडब्रेक लावलेला असतानाही उतारावर हळूहळू, नखभर नखभर, मागे सरकत होती.

काका आता ओरडतही नव्हते.

मावशीने सीटखालून व्हील पाना काढला. चाकाचे नट खोलायचा, हातभर लांब, लोखंडी. धावत आली आणि टाचेवर हाणला.

खाड्!

फायबरला तडा गेला. तिने पुन्हा हाणला. पुन्हा. फुटलेली धार तळहातात घुसली, तळहात उभा फाटला, पाना रक्ताने बुळबुळीत झाला. तिला कळलंही नाही. ती शिव्या देत होती, रडत होती, घाव घालत होती. ज्या बुटोबाला लेकरासारखं धुतलं-पुसलं, त्याची ती टाच फोडत होती.

आणि तेव्हा तिला जाणवलं...

घावांचे आवाज दुप्पट येत होते.

खाड्! धप्प!

खाड्! धप्प!

ती बाहेरून मारत होती. कोणीतरी आतून मारत होतं. तिच्या बरोबरीने. तिच्याइतकंच पिसाळून.

शेवटच्या घावाला टाच फुटली. आत नव्हे, बाहेर फुटली. तुकडे मावशीच्या तोंडावर उडाले. काका खाली कोसळले. आरडाओरडा ऐकून गोदामाचा वॉचमन डोळे चोळत धावत आला, आणि दोघांनी मिळून त्यांचा पाय जाळीतून ओढून काढला.

मावशीने टाचेच्या भगदाडात पाहिलं.

रिकामी.

फक्त बाहेरच्या चकचकीत लाल थराखाली आणखी एक थर होता. जुना, आधीच एकदा फुटलेला, वरून लिंपलेला. त्याच्या आतल्या बाजूला पोचे होते. दहा-बारा. पंज्याच्या आकाराचे.

हॉस्पिटलच्या बाकावर वॉचमन तिच्या शेजारी बसला. बराच वेळ टोपी हातात फिरवत होता.

"ताई, तुम्हाला सांगितलं नाही का कोणी?"

"काय?"

"गेल्या वर्षी याच कट्ट्यापाशी, याच बुटामागे... मागे उभा राहणारा माणूस... जागच्या जागी गेला. ड्रायव्हरने गाणं मोठ्याने लावलं होतं. बिचाऱ्याने थाप मारली होती. मी ऐकली ना! एकच मारता आली त्याला."

काकांचा पाय वाचला, पण वाकत नाही. मनगटात स्टीलची पट्टी घातली आहे. आता ती दोघं गावोगाव फिरत नाहीत, घरीच असतात. मावशी कुठलीच गाडी चालवत नाही. मी तिला विचारलं होतं, "मावशी, म्हणजे त्यानेच वाचवलं ना काकांना? तिसरी थाप त्याचीच ना?"



"तो रोज मला थांब म्हणत होता," ती म्हणाली. "पण तो रोज म्हणाला नसता, तर आम्ही खूण बदलली नसती. आणि खूण बदलली नसती, तर तुझ्या काकांची पहिलीच थाप पुरली असती. आता तूच सांग, वाचवलं की अडकवलं?"

 

एवढंच असतं तर मी हे लिहिलंही नसतं. पण गेल्या शुक्रवारी शाळा सुटली आणि फाटकाबाहेर ही गर्दी! माझी मैत्रीण मला ओढतच घेऊन गेली. "अगं, चल ना, फोटो काढू!"

लालभडक. चोवीस फूट. पांढऱ्या नाड्या. टाच नवीकोरी, रंगाचा वास अजून येत होता.

बुटोबाच तो! पण मी आता भित्री राहिलेली नाही, वर्गात सगळ्यांना माहीत आहे. मी पुढे गेले. टाचेवर हात ठेवला. फायबर थंडगार होतं, भर उन्हात.

मैत्रीण टाच आणि शाळेची भिंत यांच्या मधल्या हातभर जागेत शिरली आणि टाचेला पाठ लावून, केस सारखे करून, हसून उभी राहिली.

आणि माझ्या तळहाताखाली...

धप्प.

मी मैत्रिणीचा दंड धरून तिला अशी खेचली, की तिच्या बाहीची शिवण उसवली. पुढच्याच क्षणी इंजिन सुरू झालं आणि बूट हातभर मागे आला. ती जिथे उभी होती तिथे आता लाल टाच होती, भिंतीला टेकलेली.

मी नाड्यांपाशी धावले आणि जाळीवर दोन्ही हात आपटले. "ड्रायव्हरकाका! अहो ड्रायव्हरकाका! मागे थाप वाजली, ऐकलीत ना तुम्ही?"

ड्रायव्हरने जाळीतून माझ्याकडे पाहिलं. हसला. त्याच्या भुवईवर ताजी पट्टी होती.

"ती होय? ती रोजचीच आहे, बाळ. आम्ही लक्षच देत नाही."