पिंपळाखालचं प्लास्टिक

मुलुंडमध्ये नुकतं उजाडत होतं. सोसायटीच्या पिंपळाखाली कुणीतरी अंथरलेलं प्लास्टिक दर्शनाने गुंडाळलं आणि कचऱ्याच्या डब्यात कोंबलं.

"अहो… ते माझं आहे."

मागे एक मुलगा. हातांत रबरी मोजे, तोंडाला मास्क, केसांत पिंपळाचं पान.

"हा कचरा तुमचा?"

"वटवाघळांचा. म्हणजे… त्यांची शी गोळा करतो मी. विषाणू तपासायला."

मुलीशी पहिल्यांदा बोलताना हे कोण सांगतं!

"मग बरंच झालं," ती म्हणाली. "ही वटवाघळं जावीत म्हणून रविवारी फांद्या छाटायला माणसं येतायत. मीच बोलावलीत. बहिणीला सातवा महिना लागलाय, उगाच धोका नको."

त्या मुलाने, सम्यकने, वाद घातला नाही. फक्त नव्या प्लास्टिकचं दुसरं टोक तिच्यापुढे धरलं. तिने का पकडलं, कोण जाणे. दुसऱ्या दिवशीही ती दूध आणायच्या निमित्ताने खाली गेली. दूध घरात होतं.

हळूहळू 'अहो'चं 'अरे' झालं.

"विषाणू वाईटच ना रे?"

"नेहमीच नाही. फार पूर्वी एक आपल्या पूर्वजांच्या शरीरात घुसला, तो गेलाच नाही. आता त्याच्याच एका तुकड्यावाचून आईच्या पोटात बाळाला पोसणारी वार नीट बनत नाही. तुझ्या बहिणीच्याही."

"शरीराने हाकललं नाही त्याला?"

"बघितलं असेल हाकलून. मग… त्याला सांभाळता सांभाळता शरीरच बदललं."

तो तिच्याकडे बघत होता, की तिच्या मागे लटकलेल्या वटवाघळाकडे? काही कळेना.

"सगळ्या मुलींना हेच सांगतोस?"

"माझं सॅम्पल कचऱ्यात टाकणाऱ्यांनाच. म्हणजे… एकीलाच."

शनिवारी तिने बहिणीला, रुचिराला विचारलं, फांद्या राहू देऊ का?

"वटवाघळांची उष्टी फळं खायची नाहीत, त्यांना हात लावायचा नाही, हे त्यानेच सांगितलंय ना? मग राहू दे की," रुचिरा पोटावरून हात फिरवत म्हणाली. "पण तुला नक्की वटवाघळं हवीत की तो, ते ठरव बाई."

तेच तर ठरत नव्हतं. तरी तिने फोन करून माणसं थांबवली.

रविवारी ती धावतच खाली आली. "झाड वाचलं."

"थँक्स." तो घुटमळला. "पण… इथलं काम कालच संपलं. उद्यापासून विक्रोळी."

झाड राहिलं, आणि हाच चालला. दर्शनाला हसावं की रडावं कळेना. मग तिचं लक्ष खाली गेलं.

"काम संपलं, तर प्लास्टिक कशाला अंथरलंयस?"

"बसायला."

"वर वटवाघळं आहेत, सम्यक."

"म्हणून छत्री आणलीय."

"एकच?"

"एकच."