मोजलेला की भरलेला

शीतखोलीत काम करणाऱ्याची दाढ ठणकायला लागली, तो रजेवर गेला आणि बर्फाच्या कांड्या मोजायचं काम त्या दुपारी नकाशेवालीच्या गळ्यात पडलं. काम काही अवघड नव्हतं. ध्रुवाकडच्या गोठलेल्या समुद्रातून काढलेल्या हातभर कांड्या पेटीतून काढायच्या, मोजायच्या, चिठ्ठी लावून फळीवर ठेवायच्या. आत वजा वीस अंश, त्यामुळे अर्ध्या तासाच्या वर थांबायचं नाही, एवढाच काय तो नियम. दाराबाहेर म्हातारे पहारेकरी घड्याळ घेऊन बसत. त्यांना सगळे मामा म्हणत.

"माझा चहा निवायच्या आत बाहेर या," मामा म्हणाले. "तुम्हाला शेकत बसायचं माझं वय नाही आता."

ती हसली आणि आत गेली. पेटी समोरच होती. पेटीवरचं अक्षर धाकट्याचं होतं, आणि तिचं हसू तिथंच विरलं.

धाकटा म्हणजे तिचा सख्खा भाऊ. चार महिन्यांपूर्वी तो त्या समुद्रावर गेला आणि परत आल्या त्या फक्त त्याच्या पेट्या. गोठलेल्या पाण्यावर सगळ्यांच्या पुढं चालायचं, हे त्याचं काम. हातात लोखंडी काठी. दोनदा ठोकायचं, मगच पाऊल टाकायचं. "ताई, जाड बर्फ ठणठणीत बोलतो, पातळ बर्फ ओला बोलतो. ओला बोलला की मागं फिरायचं," असं तो सांगायचा. घरीसुद्धा आईला चिडवायला फरशी छत्रीनं ठोकत स्वयंपाकघरात यायचा.

पण नकाशावर जिथं बर्फाच्या जाडीचा मोजलेला आकडा असतो तिथं ठोकत बसायची गरज नसते, तिथं सरळ गाडी घालायची. समुद्रावरची तरंगती यंत्रं जाडी मोजून आकडे पाठवत, आणि ती ते नकाशावर चढवी. एखादं यंत्र बंद पडलं की रिकाम्या रकान्यात मागच्या तीस वर्षांची सरासरी भरायची आणि आकड्याभोवती ठिपक्यांचं वर्तुळ काढायचं, म्हणजे बघणाऱ्याला कळतं की हा अंदाज आहे. बर्फ दरवर्षी पातळ होतोय, हे त्याच कचेरीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेलं होतं. तरी रकाना भरताना आजोबांच्या काळचा बर्फ अजून तिथंच आहे असं धरून चालायची सगळ्यांना सवय.

खाडीच्या तोंडाशी यंत्र बंद पडलं त्या दिवशी घाईत तिचं वर्तुळ राहिलं. धाकट्याला शंका आली असावी, कारण त्यानं खास फोन केला. "ताई, खाडीच्या तोंडाशी दीड मीटर लिहिलंयस. मोजलेला की भरलेला?"

तिनं आकड्यांचा तक्ता उघडलाच नाही. "मोजलेला रे. जा बिनधास्त," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यानं तिथं गाडी घातली, ती बर्फासकट खाली गेली. मागच्यांना फक्त काळं पाणी दिसलं. चौकशीच्या अहवालात लिहून आलं की चालकानं बर्फ न ठोकता गाडी घातली, निष्काळजीपणा त्याचाच. नकाशा बिनचूक होता, अशी तिची सही तेवढी बाकी होती. ती आज पाचच्या आत हवी होती. आणि 'निष्काळजी' हा एक शब्द ऐकल्यापासून आईला घास उतरत नव्हता.

तिनं पहिली कांडी बाहेर काढली. गोठलेल्या खोलीला वास नसतो. पण आता वास येत होता, खाऱ्या पाण्याचा आणि भिजलेल्या लोकरीचा.

ठक ठक.

मामा असतील, असं वाटून तिनं दाराकडं पाहिलं. पण आवाज दारावर नव्हता. खोलीच्या पार टोकाला, जमिनीखालून येत होता. ठक ठक. मग थोडं थांबून, एका पावलाएवढं जवळ, पुन्हा ठक ठक. फळ्यांच्या मधल्या वाटेनं तो आवाज तिच्याकडं येत राहिला, सावकाश, चुकूनसुद्धा घाई न करता. अगदी तिच्या बुटांखाली येऊन तो थांबला.

"ताई..." हातातली कांडी बारीक तडतडली, बर्फातले बुडबुडे फुटताना तडतडतात तशी. "मोजलेला... की भरलेला?"

"भरलेला," ती म्हणाली. "भरलेला होता रे. मी बघितलंच नाही... चुकले मी."

खोली गप्प झाली. तो वासही गेला. ती खाली बसून रडली, आणि खरं सांगायचं तर तिला फार हलकं वाटलं.

"चहा निवला की हो," मामा दार उघडत म्हणाले.

ती वर कचेरीत गेली. साहेबांनी सहीचा कागद पुढं सरकवला. "तुम्हाला त्रास होतोय, कळतं. पण नकाशाबद्दल काही सांगायचं असेल तर हीच वेळ."

तिनं तोंड उघडलं. नोकरी आठवली, मग आईचा चेहरा आठवला. त्याला सांगितलंय ना, आता आणखी कुणाला कशाला, असं तिनं मनाशी म्हटलं. "काही नाही," ती म्हणाली आणि सही केली. बर्फापुढं खरं बोलणं सोपं होतं.

घरी पोचली तेव्हा बाहेर अजून चांगलं ऊन होतं. आई खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती.

"फरशी गार पडलीय गं," आई म्हणाली. "मघापासून खालून कुणीतरी ठोकतंय."

"आपल्या खाली कुणी राहत नाही, आई. तळमजला आहे आपला."

"तेच म्हणते मी." आईच्या डोळ्यांत चार महिन्यांत पहिल्यांदा पाणी नव्हतं. "दोनदा ठोकतो, मग थांबतो. निष्काळजी असता तर ठोकलं असतं का? आणि काहीतरी विचारतोय. मला मेलीला कळत नाही. तुला ठाऊक आहे का, काय विचारतोय ते?"

ती उंबऱ्याच्या आत उभी होती. आई वाट बघत होती.

"नाही," ती म्हणाली.

ठक ठक. आईच्या खुर्चीखालची फरशी ठणठणीत वाजली. मग एका पावलानं अलीकडं, मग आणखी अलीकडं. फरशांच्या सांध्यांतून पाणी वर येत होतं आणि खोलीत खारा वास भरत होता.

आवाज तिच्या पायाखाली आला, आणि तो ओला होता. मागं फिरायचं, एवढं तिला आठवलं. ती फिरली, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्याआधी तिनं बाहेरची जमीन टाचेनं दोनदा ठोकून पाहिली. तिथंही आवाज ओलाच आला.