ठमाबाईचा परवाना

कापडे गावाच्या वरच्या अंगाला राखीव रान सुरू होतं, तिथे वन समितीचा नाका होता. नाका म्हणजे पत्र्याची चौकी आणि रस्त्यावर आडवा बांबू, एका टोकाला दगड बांधलेला. बांबूची दोरी मालोजीच्या हातात. परवान्याशिवाय त्याने कुणाला आत सोडलं नव्हतं. सख्ख्या भावाला नाही, सरपंचालाही नाही. लोक पाठीमागे हसत. हसू देत, तो म्हणे.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी महाडहून एक जोडपं मोटारसायकलवर आलं. आमोद आणि त्याची बायको सेजल. मालोजीने ओळखपत्रं पाहिली, परवाना लिहिला, मग पिशव्या उघडायला लावल्या. स्पीकर ठेवून घेतला. वेफर्सची पाकिटं ठेवून घेतली. अत्तराची बाटली नाकाशी नेऊन तोंड वाकडं केलं.

"रानात चाललाव का लग्नाला?"

"काका, आत वाघ आहे का?" आमोद हसला.

"वाघ नाय. पन भायेर मी हाय. पानी घ्या, पायवाट सोडू नका, आनि साडेपाचाला हितं पायजे."

साडेपाच वाजले. सहा वाजले. ऊन डोंगराआड गेलं आणि झाडीतला गारवा रस्त्यावर उतरला. पाखरं गप्प झाली. मालोजी बांबूपाशी उभा होता. त्या रानात राहिलेली कितीतरी माणसं कधी परत आली नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको ठमाबाई अशीच राहिली होती.

मला न सांगता गेली, असं त्याने गावाला सांगितलं होतं. ते खोटं होतं. गौर आणायच्या दिवशी ती तेरडा आणायला नाक्यावर आली होती. पावसाळ्यात रान बंद असतं, तेव्हा परवाना समितीकडूनच आणावा लागतो. "बाईल म्हनून सोडू काय? परवाना आन," असं म्हणून त्यानेच तिला परतवलं. ती ओढ्याच्या अंगाने आत गेली. ओढ्याला पाणी होतं. चार दिवस माणसं शोधत होती. चप्पलसुद्धा मिळाली नाही. मुलगा मुंबईला. घरात तेव्हापासून गौर बसली नव्हती, की चुलीपाशी दुसरं माणूस.

अंधार पडता पडता वळणावर दोघं दिसली. चेहरे उतरलेले.

"वाट चुकलो काका," आमोद म्हणाला. "एका आजींनी आणून सोडलं."

"कोन आजी? आत तुमच्याबिगर कोन नाय."

"अहो, आहेत ना." सेजलने मागे बोट दाखवलं. "तिथे, झाडाखाली. हातात तेरड्याची जुडी आहे बघा."

मालोजीने पाहिलं. झाडाखाली अंधार होता. तेरडा तर दिवाळीआधीच सुकून जातो.

"काय... काय बोलली ती?"

"आम्ही म्हटलं, चला बरोबर. तर म्हणाल्या, 'माझ्यापाशी परवाना नाय. त्यो मला सोडायचा नाय.'" सेजल थांबली. "काका, सोडा ना त्यांना. दमल्यात हो."

"तुमी जा," मालोजी म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "जा म्हनतो ना!"

मोटारसायकलचा आवाज घाटाखाली विरला. मग काहीच नव्हतं. तो चौकीत गेला. बॅटरीच्या उजेडात परवान्याचं पुस्तक उघडलं, कार्बन नीट लावला. नाव, ठमाबाई. गाव, कापडे. आत गेल्याची तारीख लिहिताना हात थांबला. आजची तारीख चालणार नव्हती. त्याने दोन वर्षांपूर्वीची, गौर आणायच्या दिवसाची तारीख घातली. खोटा परवाना त्याने आयुष्यात पहिल्यांदाच केला.

दोरी सोडली. दगडाच्या वजनाने बांबू वर गेला. मालोजीने कागद अंधारात पुढे धरला.

"ठमे... ये गो. चुकलो मी."

वारा नव्हता. कागद त्याच्या बोटांतून हलकेच कुणीतरी काढून घेतला. ठमाबाई दातांना लावायची त्या भाजलेल्या मिसरीचा वास आला, अगदी जवळून, आणि त्याला ओलांडून घराच्या वाटेला लागला. मालोजीचे डोळे भरले. तो किती तरी वेळ तसाच उभा राहिला.

मग सवयीने त्याने बांबू खाली करायला दोरी ओढली. बांबू अर्ध्यावर येऊन अडला, कुणाच्या खांद्यावर टेकावा तसा. त्याने जोर लावला. बांबू हलेना.

त्याने पुस्तकावर बॅटरी धरली. मागे राहिलेल्या कार्बनच्या प्रतीत नाव होतं, गाव होतं, तारीख होती. माणसं किती, तो रकाना कोरा होता. कोरा रकाना म्हणजे वाटेल तितकी माणसं, हे तोच समितीच्या पोरांना दरडावून सांगत असे.

मिसरीचा वास वळणापलीकडे केव्हाच गेला होता. पावलं मात्र रानातून अजून येतच होती.